हँबर्गची तबकडी

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे त्याचे नाव ऐकताच तुमच्यापैकी काहीजण रेडिओचा कान पिळतील, अशी मला थोडी धास्ती आहे. म्हणून आधीच विनंती करतो की, पाच मिनिटे थांबा. मग बंद केलात तरी माझी तक्रार नाही.

जर्मनीच्या उत्तरेला हँबर्ग नावाचे मोठे बंदराचे शहर आहे. तेथील तीन तरुणांच्या एका मंडळाने १९९५ च्या आरंभी आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली. मंडळाचे नाव 'स्कूटर'. होय, आपण बाजाराला जाताना जिच्यावर बसतो तीच! आणि तबकडीचे नाव 'अँड द बीट गोज ऑन', म्हणजे आपल्या भाषेत 'आणि ठेका चालूच राहतो'. या प्रकारच्या संगीताला 'टेक्नो' म्हणतात. हे नाचण्याचे संगीत आहे. ते यंत्रांवर तयार होते आणि फार मोठ्या आवाजात वाजवले जाते.

आता तुम्ही म्हणाल, या मास्तरांना हा विषय सुचला कसा? मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात इतिहास शिकवतो. भीमसेन आणि मल्लिकार्जुन ऐकत माझे कान तयार झाले. तेव्हा हा विषय मला सुचलेला नाही, तो माझ्या एका विद्यार्थ्याने माझ्यापुढे ठेवला. आणि खरे सांगायचे तर मी तो त्याच्या तोंडावर परत फेकला.

झाले असे. आमच्या वाङ्मय मंडळात दर शनिवारी एक विद्यार्थी निबंध वाचतो. एके दिवशी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी या जर्मन तबकडीवर वाचू का?" मी त्याच्या मोबाइलवर अर्धा मिनिट ती ऐकली आणि म्हणालो, "अरे, हे संगीत नव्हे, ही गिरणीची घरघर आहे. दुसरा काही विषय घे." तो "बरं सर" म्हणाला आणि निघून गेला. पुढचे दोन शनिवार तो मंडळाकडे फिरकलाच नाही. तिसऱ्या शनिवारी त्याच्या मित्राकडून मला कळले की, या मुलाचे वडील आणि चुलते हलगी वाजवतात आणि हाही लहानपणापासून त्यांच्याबरोबर वाजवत आला आहे. घरच्या वाद्याला ज्याने आधीच खूप नावे ठेवलेली ऐकली आहेत, त्या मुलाच्या आवडीला मी आणखी एक नाव ठेवले होते. ते मला बोचले. त्या रात्री मी ती तबकडी शेवटपर्यंत ऐकली. मग तिच्यामागचा इतिहास शोधू लागलो, कारण तेवढे एक काम मला येते.

आणि त्या इतिहासात पहिल्याच पावलाला मला काय भेटले असेल? एक रेडिओ केंद्र!

दुसरे महायुद्ध संपून सहा वर्षे झाली होती. जर्मनीची शहरे अजून ढिगाऱ्यांतून वर येत होती. अशा वेळी, १९५१ साली, कोलोन शहरातल्या नभोवाणी केंद्राने एक नवीनच खोली उघडली. त्या खोलीत ना पियानो होता, ना व्हायोलिन. विजेच्या साह्याने स्वर उत्पन्न करणारी उपकरणे तेथे होती आणि ते स्वर साठवायला चुंबकीय फीत होती. हर्बर्ट आयमर्ट हे त्या कार्यशाळेचे प्रमुख. तेथले संगीतकार फीत कात्रीने कापत, तुकडे जोडत, उलटे लावत आणि पुन्हा ऐकत. एक मिनिटाच्या संगीतासाठी दिवसचे दिवस जात. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या संगीतकाराने एका मुलाचा आवाज आणि विजेचे स्वर एकत्र विणून एक रचना केली, ती १९५६ साली तेथे लोकांपुढे आली. सामान्य श्रोत्याला हे सारे दुर्बोधच वाटले असणार. पण माणसाच्या हाताचा वा श्वासाचा आधार न घेता यंत्रातून संगीत घडू शकते, ही गोष्ट तेथे सिद्ध झाली.

पुढे कोलोनच्या शेजारच्याच ड्युसेलडॉर्फ शहरात राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोन तरुणांनी १९७० साली 'क्राफ्टवेर्क' नावाचे मंडळ काढले. क्राफ्टवेर्क म्हणजे वीजघर. मोटारींसाठी बांधलेल्या जर्मन हमरस्त्यावरची त्यांची 'आउटोबान' ही रचना १९७४ साली आली. ती बावीस मिनिटांहून मोठी आहे. गाडीची लय, पुढे सरणारा रस्ता, हे सारे त्यांनी यंत्रांतून उभे केले. कोलोनच्या पंडितांचे यंत्र त्यांनी सामान्य माणसाच्या पायांपर्यंत आणले असे म्हणायला हरकत नाही.

येथून ही कथा समुद्र ओलांडते. अमेरिकेत डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. कारखाने बंद पडू लागले होते आणि माणसे शहर सोडून जात होती. त्या शहरात 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने ओळखला जाणारा एक निवेदक रात्री रेडिओवर तऱ्हेतऱ्हेच्या तबकड्या लावी, आणि त्यात क्राफ्टवेर्कही असे. वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तीन काळे तरुण ते ऐकत मोठे झाले. त्यांनी स्वस्तात मिळालेल्या यंत्रांवर आपले संगीत रचले. १९८८ साली त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या रचनांचा एक संग्रह निघाला, आणि त्याच्या नावातून 'टेक्नो' हा शब्द जगभर गेला. म्हणजे पाहा, जर्मन रेडिओने पेरले ते अमेरिकन रेडिओने उगवून दिले.

आता ही यंत्रे कोणती ते थोडे सांगतो, कारण शिक्षक मंडळी मला विचारतीलच. एक यंत्र तालाचे. त्यावर सोळा बटणांची ओळ असते. ज्या बटणाला दाबाल त्या जागी ठोका पडतो, आणि सोळा घरे संपली की यंत्र आपोआप पुन्हा पहिल्या घरावर येते. आपल्याकडे आवर्तन पुरे होऊन समेवर येतात ना, तसेच. दुसरे यंत्र सिंथेसायझर, म्हणजे विजेपासून हवा तो स्वर घडवणारे. तिसरे सॅम्पलर. ते दुसरीकडचा एखादा आवाज टिपून घेते आणि हवा तिथे, हव्या त्या गतीने पुन्हा वाजवते. टेक्नोमध्ये मुख्य ठोका चारही मात्रांवर सारखा पडतो, आणि मधल्या रिकाम्या जागी पितळी झांजेसारखा बारीक आवाज येतो. चार मात्रांचे आठ, सोळा, बत्तीस असे गट करून रचना वाढत जाते. मग अचानक ठोका थांबवतात. स्वर तेवढे वर चढत राहतात, नाचणाऱ्यांचे पाय अधांतरी होतात, आणि अगदी असह्य झाले की ठोका पुन्हा कोसळतो. कीर्तनात बुवांनी गजर टिपेला नेऊन क्षणभर हात वर धरला की मंडपाची जी अवस्था होते, ती आठवा म्हणजे कळेल.

येथे मुंबईची एक हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चरणजित सिंग नावाचे एक वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवीत असत. त्यांनी जपानी रोलँड कंपनीची नवी यंत्रे मिळवली, आणि १९८२ साली भैरवी, ललित, भूपाली असे दहा राग त्या यंत्रांवर, यंत्राच्या ठेक्यासह वाजवून एक तबकडी काढली. त्यातले टीबी ३०३ हे यंत्र मुळात एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून बनवलेले होते. ते खपले नाही, कंपनीने काही वर्षांत बंद केले. शिकागोच्या तरुणांनी तेच यंत्र पुढे वापरले आणि १९८७ साली त्यातून नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकार जगापुढे आला. मुंबईची तबकडी त्याच्या पाच वर्षे आधीची! पण ती आपल्याकडे कोणी फारशी विचारली नाही. २०१० साली ती परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले. चरणजित सिंग २०१५ साली वारले. आपल्या अंगणातले ओळखायला आपल्याला परक्याची बोटे लागतात, हे आपले जुनेच दुखणे आहे.

असो. पुन्हा जर्मनीकडे वळू. १९८९ च्या जुलैत पश्चिम बर्लिनच्या एका हमरस्त्यावर साधारण दीडशे तरुण एका गाडीवर ध्वनिक्षेपक ठेवून नाचत निघाले. त्याला त्यांनी 'लव्ह परेड' म्हटले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. अठ्ठावीस वर्षे तोडलेले एक शहर पुन्हा एक झाले. पूर्व भागात कितीतरी इमारती, कारखाने, तळघरे बेवारशी पडली होती. तरुणांनी तेथे वीज ओढली, यंत्रे मांडली आणि नाच सुरू केले. १९९१ च्या मार्चमध्ये एका जुन्या दुकानाच्या तिजोरीखोलीत 'ट्रेसर' नावाचे नृत्यगृह उघडले. ट्रेसर म्हणजे तिजोरीच. पूर्वेचा आणि पश्चिमेचा तरुण तेथे शेजारी शेजारी नाचला. दोघांना एकमेकांविषयी संशय होता, दोघांची शाळेतली पुस्तके वेगळी होती. बोलायला गेले असते तर कदाचित भांडले असते. पण ठोक्याला पक्ष नसतो. या संगीतात शब्द कमी का, हा प्रश्न मला पडला होता, त्याचे एक उत्तर मला येथे मिळाले.

आणि येथेही रेडिओ आहे, बरं का! पूर्व जर्मनीत 'डीटी ६४' नावाचे तरुणांचे नभोवाणी केंद्र होते. देश एक झाल्यावर ते बंद होण्याची वेळ आली. ते वाचावे म्हणून १९९१ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये टेक्नोचा एक मोठा मेळावा भरवला गेला, त्याचे नाव 'मेडे'. केंद्र पुढे टिकले नाही, मेळावा मात्र टिकला. त्या केंद्रावरून टेक्नोचा कार्यक्रम सादर करणारी मारुशा नावाची निवेदिका तर १९९४ साली आपल्या तबकडीमुळे जर्मनीत घरोघरी पोचली.

या पार्श्वभूमीवर आपली हँबर्गची मंडळी येतात. एच. पी. बॅक्सटर आणि रिक जॉर्डन हे दोघे आधी हॅनोव्हर शहरात दुसऱ्याच एका मंडळात गात-वाजवत असत. ते मंडळ मोडले. बॅक्सटर एका ध्वनिमुद्रिका कंपनीत विक्रीचे काम करू लागला. मग दोघे इतरांच्या रचना नव्याने बांधून देऊ लागले. फेरिस ब्यूलर हा तिसरा त्यांना मिळाला. १९९४ साली त्यांची 'हायपर हायपर' ही रचना निघाली आणि जर्मनीत खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. १९९५ ची पहिली तबकडी या रचनेच्या यशावर उभी आहे.

'हायपर हायपर' मध्ये बॅक्सटर गात नाही, तो ओरडतो. लेझमीच्या पथकापुढे शिट्टी घेऊन चालणारा जो असतो ना, त्याचे काम तो करतो. आणि मध्येच तो त्या काळच्या नावाजलेल्या तबकडीवादकांची नावे एकामागून एक घेऊ लागतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ही नुसती आरडाओरड वाटली होती. दुसऱ्यांदा ऐकताना एकदम आपला गोंधळी आठवला. गावोगावच्या देवतांना नावे घेऊन तो गोंधळाला बोलावतो, तसे हे आवाहन आहे! ज्यांच्या जिवावर हा नाच उभा राहिला, त्यांचे ऋण आधी मान्य करायचे आणि मग पुढे जायचे. परंपरेला आपण नमन म्हणतो, त्याचे हे हँबर्गी रूप.

तबकडीत 'फ्रेंड्स', 'कॉसमॉस', 'रॅप्सडी इन ई' अशा रचना आहेत. एका रचनेचे नाव 'एंडलेस समर', म्हणजे न संपणारा उन्हाळा. हे नाव वाचून मी दचकलोच. आपल्याकडे न संपणारा उन्हाळा म्हणजे कोरडी विहीर, टँकरची वाट, चारा छावणी. कोणी तो मागून घेईल का? पण हँबर्गला डिसेंबरात सूर्य जेमतेम साडेसात तास दिसतो, तोही ढगाआडून. तेथल्या माणसाला उन्हाळा म्हणजे आपला मृग. आपण पावसाची जी गाणी म्हणतो, ती तो उन्हासाठी म्हणतो. भूगोलाच्या शिक्षकांनी अक्षांश शिकवताना हे नाव जरूर सांगावे.

आता दोषांविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर वाहवले. ही काही थोर कलाकृती नव्हे. तिच्या शब्दांत अर्थ थोडा आहे. बऱ्याच रचनांची चाल एकाच गतीची आहे, आणि सलग ऐकताना कंटाळा येतो. 'हायपर हायपर' चा सांगाडा 'अल्ट्रा सॉनिक' या स्कॉटिश मंडळाच्या आधीच्या रचनेवर उभा आहे. बर्लिनच्या जाणकारांनी तर या मंडळाला नाकच मुरडले. तळघरातली आमची वस्तू यांनी बाजारात मांडली, असे त्यांचे म्हणणे. अशा संगीताला जर्मन भाषेत एक टोमणेवजा शब्द आहे, त्याचा अर्थ होतो 'जत्रेतला टेक्नो'. पण श्रोते हो, आपण तरी जत्रेला एवढे हलके का समजावे? पोवाडा, लावणी, भारूड ही आपली धने देवळाच्या ओट्यावर आणि जत्रेच्या फडातच वाढली. जत्रेत सारेच चांगले असते असे नव्हे, पण तेथे कोणालाही मज्जाव नसतो. तळघराच्या दारात उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याने ज्या खेड्यातल्या जर्मन पोराला परत पाठवले असते, त्याच्यापर्यंत हे संगीत या तबकडीने नेले. एवढे तिचे श्रेय मानावे लागते.

दोन इशारे मात्र दिलेच पाहिजेत. पहिला कानांचा. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, एवढीच कानांची मर्यादा शास्त्रज्ञ सांगतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला तर उरतात फक्त पंधरा मिनिटे. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे लेकरांना खांद्यावर घेऊन उभे राहणाऱ्या बापांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. दुसरा इशारा गर्दीचा. दीडशे माणसांची ती लव्ह परेड पुढे लाखांची झाली. २४ जुलै २०१० रोजी ड्युइसबुर्ग शहरात तिच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन २१ तरुण मेले. त्यानंतर तो उत्सव कायमचा बंद झाला. दोष संगीताचा नव्हता, वाटा नीट न आखल्याचा होता. पण गेलेली लेकरे परत आली नाहीत.

आणि तरीही, २०२४ च्या मार्चमध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली. ज्याला एका पिढीने घरघर म्हटले, ते दुसऱ्या पिढीने ठेवा म्हणून जपायला घेतले. आपली लावणी, आपला तमाशा यांच्या वाट्याला हेच आले होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

शेवटी त्या मुलाविषयी. मी त्याला बोलावून घेतले आणि म्हणालो, "माझे चुकले. मी अर्धा मिनिट ऐकून निकाल दिला. तू शनिवारी वाच." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, नुसतं वाचून नाही कळणार. हलगी आणू का?" शनिवारी त्याने हलगी आणली. आवारात पाचोळा पेटवून ती शेकली, आणि मग वर्गात ती तबकडी लावून तो तिच्या ठोक्यांच्या मधल्या जागा आपल्या लांब काडीने भरत गेला. यंत्राचा ठोका प्रत्येक वेळी अगदी सारखा पडत होता. त्याचा मात्र दरवेळी केसभर पुढे-मागे होत होता, आणि नेमकी त्यातच गंमत होती. नंतर त्याने आपला निबंध वाचला. त्यातले एक वाक्य माझ्या ध्यानात राहिले आहे. त्याचा आशय असा की, यंत्राला शेकावे लागत नाही म्हणून ते कधी थंडही पडत नाही. पण माझी हलगी थंड पडते, म्हणून मला तिची काळजी घ्यावी लागते.

त्याचे वडील मला बाजारात भेटले. त्यांच्याकडे लग्नाच्या सुपाऱ्या आता पूर्वीसारख्या येत नाहीत, लोक ध्वनिक्षेपकांची गाडीच बोलावतात. "मग पोराला ही गाणी आवडतात याचा तुम्हांला राग येत नाही?" मी विचारले. ते म्हणाले, "राग कशाचा, गुरुजी? त्याचा हात अजून हलगीवर आहे, तोवर ऐकू दे त्याला काय ऐकायचं ते." या उत्तरात समाधान किती आणि सोसणे किती, ते मला सांगता येणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझे एवढेच सांगणे आहे. विद्यार्थी आपल्यापुढे एखादी अनोळखी आवड घेऊन येतो, तेव्हा तो बहुधा तिच्याबरोबर आपले घरही घेऊन आलेला असतो. निकाल जरूर द्या, पण तबकडी संपल्यावर द्या.